बिनपाटीचा रस्ता

“ई-बत्तीस कधी लागणार रे?” मामांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कोल्चेस्टर मागे पडून चांगली पंधरा मिनिटं झाली होती. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना एसेक्सची काळीकुट्ट शेतं, पुढे एका ट्रकचे लाल दिवे आणि मामांच्या मांडीवर उघडलेला युरोपचा छापील नकाशा. मोबाइलच्या उजेडात त्यांचं बोट त्या नकाशावरच्या हिरव्या चौकोनावर टेकलेलं, चौकोनात पांढऱ्या अक्षरांत ई ३२. भाचा म्हणाला, “मामा, आपण त्याच्यावरच आहोत. मघापासून.” मामांनी काचेतून बाहेर पाहिलं. “मग पाटी कुठाय?” “पाटी नाहीये.” उभी हयात बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला हे उत्तर पटणं अवघडच. त्यांनी थोडा विचार केला आणि अगदी खात्याच्या सुरात विचारलं, “लावलीच नाही, की लावून चोरीला गेली?” मागे बसलेल्या मामी हसल्या. प्रश्न तिथेच विरला, कारण पुढच्या गोल चौकात ट्रक हळू झाला आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. हॅरिचहून नेदरलँड्सला जाणारी बोट रात्री अकराच्या सुमारास सुटते.

पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

ई-३२ नावाचा आंतरराष्ट्रीय महामार्ग आहे. कोल्चेस्टरपासून हॅरिचपर्यंत, जेमतेम ३० किलोमीटर. (इंग्रजी स्पेलिंगमधला डब्ल्यू मुका आहे. हार्विच म्हटलंत तरी तिकीट मिळतं, पण समोरचा क्षणभर थांबतो.) हा रस्ता एका देशातून दुसऱ्या देशात तर सोडाच, एसेक्स परगण्याच्या बाहेरही पाऊल टाकत नाही. तरी तो आंतरराष्ट्रीय, कारण संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या यादीत तो आहे. १९५० साली जिनिव्हात पहिली यादी झाली, १९७५ च्या करारात सगळे आकडे नव्याने मांडले गेले आणि १९८३ मध्ये तो करार लागू झाला. ही यादी वाचणं हा एक वेगळाच नाद आहे. एकेका ओळीत गावांची नावं, मधे छोटी रेघ. जिथे रस्ता संपून पाणी लागतं तिथे रेघेऐवजी तीन टिंबं. ई-३० ची ओळ बघण्यासारखी आहे: आयर्लंडमधल्या कॉर्कपासून निघते, रॉसलेअरला तीन टिंबं, वेल्समध्ये फिशगार्डला पुन्हा जमीन, मग ब्रिस्टल, लंडन, कोल्चेस्टर, इप्सविच, फीलिक्सस्टो, परत तीन टिंबं, मग नेदरलँड्सचं बंदर हुक ऑफ हॉलंड, उत्रेख्त, बर्लिन, वॉर्सा, मिन्स्क, मॉस्को आणि थेट सैबेरियातलं ओम्स्क. ई-३२ च्या ओळीत फक्त दोन नावं. कोल्चेस्टर, हॅरिच. पुढे टिंबं नाहीत, काही नाही. बंदरात येऊन ओळ संपते.

आकड्यांमागचं गणित मात्र नीट आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम आकडे, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम. शून्यावर संपणारे ते मोठे आडवे धागे, पाचावर संपणारे मोठे उभे. आडवे मोजायचे उत्तरेकडून: ई-१० वर स्कँडिनेव्हियाच्या टोकाला, ई-९० खाली पोर्तुगालपासून तुर्कस्तानापर्यंत. उभे मोजायचे पश्चिमेकडून. मधले छोटे धागे मधल्या आकड्यांत बसवायचे. त्यामुळे ई-३२ हा ई-३० च्या खाली आणि ई-४० च्या वर असायला हवा, आणि तसा तो आहेही: हॅरिच फीलिक्सस्टोच्या समोर, खाडीच्या दक्षिण काठावर. खाडी म्हणजे स्टाउर आणि ऑर्वेल या दोन नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात ते तोंड. पाण्यावरून दोन्ही गावांत दोन-तीन किलोमीटरचं अंतर. रस्त्याने जायचं तर इप्सविचला वळसा घालून तासभर.

आता ब्रिटनचं स्वतःचं गणित बघा. ते १९२० च्या दशकात ठरलं आणि त्याचा मध्यबिंदू लंडन. लंडनहून निघणारे ए-१ ते ए-६ हे सहा रस्ते म्हणजे चाकाचे आरे, आणि दोन आऱ्यांमधल्या पाचरीतल्या रस्त्यांचा पहिला आकडा तो त्या पाचरीचा. लंडनहून कोल्चेस्टरकडे येणारा ए-१२ आणि तिथून हॅरिचला जाणारा ए-१२०, म्हणजेच आपला ई-३२, दोन्ही पहिल्या पाचरीतले. म्हणजे एकाच डांबरावर दोन हिशोब आहेत. एक म्हणतो, हा रस्ता लंडनच्या ईशान्येला आहे. दुसरा म्हणतो, हा रस्ता युरोपच्या वरच्या तिसऱ्या धाग्याच्या जरा खाली आहे. दोन्ही खरे. पाटीवर मात्र एकच येतो. बेल्जियममध्ये उलट. तिथे लोक ई-४० आणि ई-१९ असंच बोलतात, देशी आकडा कुणाच्या तोंडी नसतो. स्वीडन आणि नॉर्वेने तर नव्या यादीप्रमाणे आपले ई-४ आणि ई-६ बदलायलाच नकार दिला, इतके ते आकडे लोकांच्या अंगवळणी पडले होते. जर्मनी दोन्ही लावते, निळ्यात देशी आणि हिरव्यात युरोपीय. शेजारच्या आयर्लंडनेही काही ठिकाणी हिरवे चौकोन लावले आहेत. ब्रिटनने एकही नाही. ही युरोपीय संघावरची रुसवाफुगवी समजू नका. हा करार संघाचा नाहीच, त्यात कझाकस्तानही आहे. ब्रिटन संघात आलं तेव्हा पाट्या लागल्या नाहीत आणि २०२० मध्ये बाहेर पडलं तेव्हा काढाव्या लागल्या नाहीत.

त्या पाटीकडे जरा जवळून बघू. ए-१२ वरून जंक्शन २९ ला ए-१२० साठी बाहेर पडताना जी पाटी दिसते ती प्राथमिक मार्गाची: गर्द हिरवी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, रस्त्याचा आकडा पिवळा. ही सगळी रचना १९६० च्या दशकातली, जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी केलेली. अक्षरांचं वळणही त्यांनीच घडवलं, वेगात जाणाऱ्या गाडीतून शब्दाचा आकार डोळ्यांत भरावा म्हणून मोठ्या-छोट्या अक्षरांत. पूर्वीची पद्धत सगळी मोठी अक्षरं लिहिण्याची होती, आणि त्यात प्रत्येक नाव म्हणजे एक सपाट आयत. या पाट्यांत एक खूण नवख्याने शिकून घ्यावी: आकडा कंसात असेल तर तो रस्ता अजून आलेला नाही, ह्या वाटेने गेल्यावर पुढे मिळेल. क्लॅक्टनच्या नावापुढे (ए-१३३) दिसलं म्हणून ए-१३३ शोधत बसू नये. आता अशा हिरव्या पाटीवर युरोपीय पद्धतीचा हिरवा चौकोन लावून बघा मनात. हिरव्यावर हिरवं. दिसणारच नाही. पाट्या नसण्याचं कारण रंग आहे असं म्हणणं नाही, पण लावायच्या ठरवल्याच असत्या तर पहिला वाद रंगावरून झाला असता, एवढं नक्की.

आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यावाचून कुणाचं अडत नाही.

अडतं ते दुसऱ्याच गोष्टींनी. लंडनहून निघताना ए-१२ वर भरवसा ठेवू नये. विदम ते मार्क्स टे या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी दोनच मार्गिका, आणि मार्क्स टेला स्टॅन्स्टेड-ब्रेंट्रीकडून येणारी ए-१२० ची रहदारी येऊन मिळते. तिथून जंक्शन २९ पर्यंत दोन रस्ते एकाच अंगावर. रात्रीच्या बोटीला निघणाऱ्याने तर आधी रस्ते खात्याचं वेळापत्रक बघावं, कारण दुरुस्तीसाठी ए-१२ चे तुकडे नेमके रात्रीच बंद करतात, आणि मग पर्यायी वाट दाखवणाऱ्या पिवळ्या पाटीवरच्या काळ्या त्रिकोणामागे किंवा चौकोनामागे गावागावांतून फिरत बसावं लागतं. जंक्शन २९ नंतर रस्ता आधी दुपदरी आणि मोकळा असतो, जिवात जीव येतो. हेअर ग्रीनपाशी क्लॅक्टनची वाट वेगळी होते. उन्हाळ्यात शनिवारी बहुतेक गाड्या तिकडच्या चौपाटीला जाणाऱ्या, त्यांच्या मागोमाग गेलात तर बोटीऐवजी वाळू मिळेल. त्याच्या पुढे ए-१२० साधा एकेरी रस्ता होतो: येणारी एक मार्गिका, जाणारी एक, मधे रंगवलेली रेघ. मोटारींना ताशी ६० मैलांची मुभा, पण साडेसात टनांवरच्या ट्रकला ५०. त्यामुळे एक ट्रक पुढे आला की हॉर्सली क्रॉसच्या गोल चौकापर्यंत त्याच्या शेपटीला लटकायचं. ट्रॅक्टर आला तर विचारूच नका. ओव्हरटेक करायला जागा आहे असं वाटतं, तेवढ्यात समोरून दिव्यांची माळ दिसते. ती एकदा सुरू झाली की संपत नाही, कारण बोट नुकतीच रिकामी झालेली असते. या रस्त्याची रहदारी नदीसारखी सलग नाही, भरती-ओहोटीची आहे. दिवसातून दोनदा शे-दोनशे ट्रक एकदम येतात आणि मग शेतांत पुन्हा सामसूम. कोल्चेस्टर ते बंदर हा टप्पा नकाशा पंचवीस-तीस मिनिटांचा दाखवतो. त्यात वीस मिनिटं आपली घालावीत. दिवसाला बोटी दोनच, सकाळी नऊच्या सुमारास आणि रात्री अकराच्या. मोटारींची नोंदणी साधारण पाऊण तास आधी बंद होते. तिकिटावर छापलेली वेळ प्रमाण मानावी. सकाळची चुकली की रात्रीपर्यंत हॅरिच बघत बसायचं.

आकड्यांच्या बाबतीत हा रस्ता तसा दुर्दैवीच म्हणायचा. पूर्वी तो ए-१२० ही नव्हता, ए-६०४ होता, केंब्रिजकडून येणारा. हा आकडा पुढे नव्या ए-१४ च्या मांडणीत विरून गेला आणि बंदराच्या रस्त्याला ए-१२० चं आडनाव मिळालं. युरोपच्या पहिल्या यादीत तर लंडन-हॅरिच-हुक हीच मुख्य वाट होती, आकडा ई-८. नव्या यादीत मोठा धागा वळून फीलिक्सस्टोला गेला आणि हॅरिचच्या वाट्याला दोन गावांची ही ओळ आली. घरातल्या थोरल्याचा हिस्सा धाकट्याच्या नावावर चढावा तसं काहीसं.

कोल्चेस्टरला लिहिलेल्याचं आणि न लिहिलेल्याचं बरंच कौतुक आहे. ब्रिटनमध्ये ज्या गावाची लेखी नोंद सर्वांत जुनी ते हे गाव, असा त्याचा दावा. रोमनांचं कॅम्युलोडुनम. रोमनांविरुद्ध उठलेल्या बूडिका राणीने ते पहिल्या शतकात जाळलं, आणि त्या आगीचा लाल-काळा थर आजही पाया खणताना लागतो. नॉर्मनांनी किल्ला बांधला तो रोमन सम्राट क्लॉडियसच्या देवळाच्या तळघरावरच. यादी झाली तेव्हा ते नुसतं गाव होतं. २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाच्या सत्तर वर्षांनिमित्त त्याला शहराचा दर्जा मिळाला. किल्ल्याच्या जवळच एक मोहल्ला आहे, डच क्वार्टर. लाकडी सांगाड्याची, रंग दिलेली, एकमेकांना खांदे लावून उभी असलेली घरं. सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून धर्मछळाला कंटाळून आलेले विणकर इथे वसले आणि त्यांनी लोकरीच्या नव्या जातीचं हलकं कापड विणलं, ज्यावर कोल्चेस्टरचं नाव पुढे दोन शतकं चाललं. म्हणजे समुद्रापलीकडची माणसं या बाजूला येत होती, आकडे पडायच्या चारशे वर्षं आधी.

हॅरिचच्या बाबतीत एक घोटाळा ठरलेला. बंदर हॅरिचमध्ये नाही. ते तीनेक किलोमीटर अलीकडे पार्कस्टनला आहे. रॅम्झीच्या गोल चौकानंतर जहाजाच्या चित्राची खूण धरावी, गावाचं नाव धरू नये. रेल्वेने येणाऱ्यांनीही हॅरिच टाउनपर्यंत बसून राहू नये, हॅरिच इंटरनॅशनलला उतरावं. तिथे फलाटावरून जिना चढलं की थेट बोटीच्या इमारतीत. जुनं गाव जिभेसारखं पाण्यात घुसलेलं, जागा अपुरी. म्हणून ग्रेट ईस्टर्न रेल्वेने १८८३ मध्ये नदीकाठच्या दलदलीत नवा धक्का बांधला आणि आपल्या अध्यक्षाचं, चार्ल्स पार्क्सचं नाव त्याला दिलं. दहा वर्षांनी इथून हुकची बोट सुरू झाली ती आजही चालते. जुन्या गावात चुकून शिरलातच तर नुकसान नाही म्हणा. इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाचा कप्तान क्रिस्टोफर जोन्स याचं घर तिथे एका गल्लीत आहे, अर्ध्या पेनीचा कर घेत म्हणून हाफपेनी पिअर म्हणवणारा लाकडी धक्का आहे, आणि माणसांनी आत चालून फिरवायची सतराव्या शतकातली लाकडी क्रेन हिरवळीवर उभी आहे. एक पुतळाही आहे, २०२२ मध्ये बसवलेला: जहाजाच्या फळीवरून उतरणारी पाच मुलं. २ डिसेंबर १९३८ च्या सकाळी जर्मनीतल्या सुमारे दोनशे ज्यू मुलांची पहिली तुकडी, घरदार मागे ठेवून, हुकहून पार्कस्टनला उतरली. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.

त्या नंबरापुढे रस्त्याच्या नंबराची तक्रार करवत नाही.

बंदरात शिरल्यावर जे करायचं ते सोपं आहे, पण क्रमाने करावं लागतं. आधी नोंदणीची खिडकी: पासपोर्ट, तिकिटाचा क्रमांक, गाडीचा नंबर. मग कागदाचा एक तुकडा हातात येतो, मार्गिकेचा आकडा लिहिलेला. तो आरशाला अडकवायचा. रात्रीच्या बोटीवर केबिन घ्यावीच लागते, नुसती खुर्ची चालत नाही. डोव्हरला ब्रिटनच्या भूमीवरच फ्रान्सचा पासपोर्ट-तपासनीस बसतो, इथे तसं नाही. नेदरलँड्सची तपासणी पलीकडे, हुकला उतरल्यावर. त्यामुळे शेंगेन व्हिसात काही खोट असेल तर ती कळते सात तासांच्या समुद्रानंतर. नोंदणीच्या खिडकीत व्हिसा बघतात, पण निवाडा तिथे नसतो. भारतीय पासपोर्टवर मामा-मामींसारखं ब्रिटनला आलेल्यांनी दोन्ही बाजू तपासाव्यात: शेंगेनचा शिक्का वैध आहे ना, आणि ब्रिटनच्या व्हिसावर परत येता येईल ना. २०२५ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत आली, तेव्हा पलीकडच्या रांगेला वेळ धरावा. गाडीच्या मागे यूके अक्षरांची पट्टी हवी, जुनी जीबी चालत नाही. गाडी भाड्याची किंवा लीजची असेल तर मूळ कागदाऐवजी व्हीई-१०३ नावाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते आदल्या रात्री मिळत नाही.

आणि डबा. यावर कुणी बोलत नाही म्हणून सांगायला हवं. ब्रिटनमधून नेदरलँड्समध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, खाजगी पिशवीतूनसुद्धा नाही. म्हणजे मुलीसाठी घरी कढवलेलं तूप, पनीर, चक्का, बर्फी हे सगळं बाद. बाकरवडी, लोणचं, मेतकूट, पोहे खुशाल न्यावेत. हुकच्या तपासणीत डबा उघडला जाईलच असं नाही, पण उघडला तर तुपाची बरणी कचऱ्याच्या पिंपात जाताना बघावी लागते, आणि ते फार वाईट दृश्य असतं. मामींनी बरणी लंडनलाच ठेवली होती. दोन दिवस त्या त्यावर हळहळत होत्या.

बोटीत गाडी चढवताना पिवळ्या जाकिटातला माणूस हाताने खुणावतो, त्याच्याकडेच बघायचं, आरशाकडे नाही. तो शेजारच्या गाडीला हातभर अंतर ठेवून उभं करवतो. दार पुरतं उघडत नाही, पोट आत घेऊन बाहेर पडावं लागतं. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चोरघंटा बंद करायची. हे शेवटचं नव्वद टक्के लोक विसरतात. जहाज हललं की गाडीच्या कलण्याची जाणीव होऊन घंटा वाजते, एकीचं ऐकून दुसरी, आणि तळमजला रात्रभर कोकलत राहतो. प्रवासात खाली उतरू देत नाहीत, म्हणून रात्रीची औषधं, चष्मा, स्वेटर हे एका छोट्या पिशवीत वेगळं काढून न्यावं. डेकचा आकडा आणि जिन्याचा रंग मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. सकाळी घोषणा झाल्यावर चुकीच्या जिन्याने उतरलेली माणसं दोनशे ट्रकांच्या मधून आपली गाडी शोधत फिरताना दिसतात, डिझेलच्या वासात आणि साखळ्यांवर ठेचकाळत.

सुटल्यावर मात्र वर जावं, कितीही वारा असला तरी. दोनशे चाळीस मीटर लांबीची ती बोट आवाज न करता धक्क्यापासून सुटते. उजव्या हाताला हॅरिचचे मोजके पिवळे दिवे, दीपगृहाचा जुना मनोरा. डाव्या हाताला फीलिक्सस्टो. ब्रिटनचं सर्वांत मोठं कंटेनर बंदर, रात्री दिवसासारखं उजळलेलं, क्रेनांची रांगच रांग, आणि त्यांच्याखाली जहाजावर रचलेले डबे लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखे. कागदावर ई-३० तिथे येऊन थांबतो आणि त्याच्यापुढे ती तीन टिंबं आहेत. पण त्या टिंबांवरून आज मोटार घेऊन कुणा प्रवाशाला जाता येत नाही. तिथून जातात डबे आणि ट्रेलर. प्रवासी घेऊन हुकला जाणारी बोट निघते ती इकडून, जिथे यादीत टिंबं नाहीत. ओम्स्कपर्यंतचा धागा जिथे जोडलेला दाखवला आहे तिथे तो तुटलाय, आणि जिथे संपलेला दाखवला आहे तिथून लोक रोज पलीकडे जातात. यादी करणाऱ्यांना हे माहीत नसेल असं नाही. यादी एकदा झाली की बंदरं आपापल्या मर्जीने बदलत राहतात, बोटी सुरू होतात, बंद होतात. हॅरिचहून डेन्मार्कच्या एस्बियर्गला जाणारी बोट एकोणिसाव्या शतकापासून होती, २०१४ मध्ये बंद झाली. ३ तास ४० मिनिटांत हुक गाठणारी प्रचंड जलद बोट १९९७ मध्ये आली, दहा वर्षांत गेली. तिला इंधन परवडेना. संथ बोट टिकली, कारण ती माणसांवर चालत नाही, तळमजल्यावरच्या ट्रकांवर चालते.

मामांना हे सांगायला हवं होतं की नोकरीभर ते ज्या रस्त्याची डागडुजी बघत आले तोही याच जातीचा. धुळे-नाशिक-ठाणे, पुढे पुणे-सातारा-कोल्हापूर हा आशियाई महामार्ग ४७, ग्वाल्हेर ते बंगळूर. तोही संयुक्त राष्ट्रांच्याच एका यादीतला, २००४ मध्ये शांघायला सह्या झालेला. तोही कुठलीच सीमा ओलांडत नाही. आपल्याकडे लोक अजून त्याच्या पुणे-कोल्हापूर तुकड्याला एनएच-४ म्हणतात, तो एनएच-४८ होऊन इतकी वर्षं झाली तरी. आणि बहुतेक जण नुसतं हायवे म्हणतात. खंबाटकीत अडकलेल्या माणसाला आपण आशियाई महामार्गावर अडकलोय हे कळून काय फरक पडणार?

हुकला सकाळी उतरताना आभाळ बहुधा शिशासारखं असतं. डच भाषेत हूक म्हणजे कोपरा, आणि जागाही तशीच, जमिनीचा समुद्रात गेलेला कोपरा. तपासणीची रांग, मग पहिला गोल चौक. घात इथे होतो. रस्त्यावर सगळे ट्रक उजवीकडून चालले असले की आपणही आपोआप उजवीकडे राहतो. पण पहाटे पंप सोडताना किंवा रिकाम्या गल्लीत वळताना हात सवयीने डावीकडे जातो. ब्रिटिश गाडीचे दिवे डाव्या कडेला झुकलेले असतात, म्हणजे इकडे ते समोरच्याच्या डोळ्यांत. त्यावर लावायच्या पट्ट्या बोटीवरच्या दुकानात मिळतात, नव्या गाड्यांत पडद्यावरच्या यादीत बदलता येतं. उत्रेख्तला जायचं असेल आणि गाडी जुनी डिझेल असेल तर शहराच्या मध्यभागी तिला बंदी आहे, हेही आधी बघून ठेवावं.

काचघरांची रांग मागे पडली, हेगचं वळण गेलं, आणि उत्रेख्तच्या रस्त्याला लागल्यावर पहिल्या मोठ्या कमानीवर तो दिसला. निळ्या पाटीच्या कोपऱ्यात छोटा हिरवा चौकोन, पांढरी अक्षरं. मामी झोपल्या होत्या. मामांनी नकाशा पुन्हा उघडला. “ई-तीस,” त्यांनी वाचलं. “दिसला बुवा एकदाचा.” मग त्यांची नजर शेजारच्या लाल चौकोनावर गेली, डच सरकारच्या स्वतःच्या आकड्यावर. ए-१२.

“अरे,” मामा म्हणाले, “हा तर काल रात्री कोल्चेस्टरला सोडला ना आपण?”